धुक्यातलं पाचवं कार्ड

“ठीक,” ते म्हणायचे आणि उजव्या हाताचं पहिलं बोट वर करायचे, रस्ता ओलांडणाऱ्याला थांबवावं तसं. “हे तू मोजलंस. आणि पाहिलंस काय?”

चौदा महिन्यांत हा प्रश्न त्यांनी मला किती वेळा विचारला, ते मी मोजायला हवं होतं. मोजलं नाही. त्या काळात माझ्या हातून दोन चुका झाल्या, त्यातली ही धाकटी. थोरलीकडे मी येतोच आहे.

त्यांचं नाव मी सांगणार नाही. नाव घेतलं की तुम्ही फोन काढाल, तो गोल शोधाल आणि मग माझं कोण ऐकणार? हे मी अंदाजाने लिहीत नाही. ते प्रत्यक्ष समोर उभे असताना माणसं फोनमध्ये त्यांनाच बघत बसलेली मी पाहिली आहेत. तेव्हा कामापुरतं सांगतो. डच माणूस, डावा पाय, आणि मैदानाच्या मधल्या रेषेवरून मारलेला एक चेंडू. तो गोलकीपरच्या डोक्यावरून गेला. गोलकीपरने मागे वळून तो जाळ्यात पडलेला पाहिला आणि स्वतःच टाळ्या वाजवल्या. याला तीसएक वर्षं झाली. त्या मोसमात आमच्या कोल्हापुरात प्रत्येक पेठेतल्या प्रत्येक डावखुऱ्याने मधल्या रेषेवरून चेंडू मारून आपापल्या तालमीच्या टीमला किमान एक सामना हरवून दिला.

आपल्याकडे खेळाडू कितीही मोठा असला तरी त्याला ‘तो’ म्हणायची रीत आहे. मी ‘ते’ म्हणणार. का, ते पुढे कळेल.

आता माझ्याबद्दल थोडं, कारण त्याशिवाय पुढचं समजणार नाही. लीड्सच्या एका हॉस्पिटलात मी आकडेवारीचं काम करतो. किती रुग्ण किती आठवड्यांपासून थांबले आहेत, त्याचे तक्ते बनवतो. तक्ते फार सुरेख होतात. रुग्ण थांबलेलेच असतात. आमचं गाव लीड्सपासून बसने चाळीस मिनिटांवर. तिथे आम्ही अकरा वर्षं राहिलो तेव्हा शेजाऱ्यांना माझ्याबद्दल एकच गोष्ट माहीत होती: कचऱ्याचा बरोबर रंगाचा बिन बरोबर दिवशी बाहेर ठेवणारा माणूस. बाकीचे लोक खिडकीतून माझा बिन बघून आपला बाहेर काढायचे. याला ओळख म्हणायचं असेल तर ओळख होती.

मग एका शनिवारी मी गावच्या फुटबॉल क्लबचा सामना बघायला गेलो. लाउडस्पीकरवर सांगितलं की आज तीनशे प्रेक्षक आले आहेत. मी मोजले होते, एकशे सत्त्याऐंशी. कुत्री धरून एकशे एक्क्याण्णव. सामना संपल्यावर मी जाऊन तसं सांगितलं. क्लबचे म्हातारे मॅच सेक्रेटरी माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, “मग तूच कर हे, लेका.” तीन आठवड्यांत मी मॅच सेक्रेटरी झालो. खेळाडूंची यादी करायची, कुणाला किती पिवळी कार्डं मिळाली याची नोंद ठेवायची, पंचांना कागद द्यायचे. गावात मला ‘नंबर्स’ म्हणू लागले. किराणा घेताना, बसमध्ये, दाढीच्या दुकानात. “काय नंबर्स, शनिवारी काय होणार?” अकरा वर्षांत जे झालं नाही ते एका नोंदवहीने केलं.

आमच्या चेअरमनची गाद्यांची तीन दुकानं. त्यांनी त्या डच दंतकथेला कोच म्हणून आमच्यासारख्या क्लबात आणलं तेव्हा सगळ्यांना आश्चर्य वाटलं. मला वाटलं नाही, कारण मी त्यांची कारकीर्द कागदावर मांडून पाहिली होती. कोच म्हणून सात क्लब, पाच देश. पहिल्या क्लबात संगमरवरी लिफ्ट होती. तिथून दर वेळी एक-एक मजला खाली. सातही ठिकाणांहून त्यांना काढलं होतं: एकदा पत्राने, चारदा फोनवर, एकदा गाडीतल्या रेडिओवर. एकदा सकाळी ते क्लबात पोहोचले तर त्यांच्या पार्किंगच्या जागेवर दुसऱ्याच्या नावाची पाटी होती. “पाटी छान होती,” ते म्हणाले. “म्हणजे बरेच दिवस आधी करायला दिली असणार.” आमच्याकडे आता खाली जायला मजलाच उरला नव्हता. शॉवरला गरम पाणी पहिल्या चौघांपुरतं यायचं.

चेअरमनना कोच नकोच होता, त्यांना फोटो हवा होता. पहिल्याच आठवड्यात त्यांनी दंतकथेला दुकानात नेऊन डबल गादीवर आडवं केलं. शेजारी चेंडू.

“कशी वाटते गादी, गॅफर?” चेअरमननी विचारलं. इकडे कोचला गॅफर म्हणतात.

“कडक आहे. माझ्या गुडघ्याला चालणार नाही.”

“फोटोत बोलावं लागत नाही,” चेअरमन म्हणाले.

तो फोटो वर्षभर आमच्या बसच्या पाठीमागे फिरत होता. ज्या माणसाला बघायला एकेकाळी ऐंशी हजार लोक उभे राहायचे, त्याच्या मागे आता गाड्यांची रांग उभी राहायची, सिग्नल सुटेपर्यंत. फोटोचं काम झाल्यावर चेअरमन घाईने निघून गेले. मी गाडी घेऊन पोहोचलो तेव्हा गॅफर दुकानाच्या पायऱ्यांवर पावसात उभे होते, एक पाय हलका धरून, आणि चेंडू मात्र कोटाच्या आत कोरडा ठेवला होता. ‘ते’ म्हणायचं कारण हे.

यॉर्कशरची माणसं स्वतःला सडेतोड म्हणवून घेतात. आम्ही कोल्हापूरची माणसंही घेतो. डच माणूस म्हणवून घेत नाही, कारण त्याला दुसरी रीतच ठाऊक नसते. क्लबला जर्सी पुरवणाऱ्या बेकरीवाल्याने एकदा मोठ्या प्रेमाने त्यांना सॉसेज रोल दिला आणि विचारलं, कसा आहे? ते म्हणाले, “गरम आहे.” बेकरीवाला वाट बघत राहिला. ते आणखी काही बोलले नाहीत. पुढच्या मोसमात जर्सीवर बेकरीचं नाव नव्हतं.

आमच्या घरीही ते जेवायला आले. हिने पांढरा रस्सा, मटण, भात असा बेत केला होता. पहिला घास घेऊन ते म्हणाले, “भात जास्त शिजलाय.” मी ताटाकडे बघत राहिलो. मग त्यांनी रश्श्याची वाटी उचलून तोंडाला लावली, रिकामी केली, पुढे केली. पुन्हा रिकामी, पुन्हा पुढे. चार वाट्या. चांगला आहे असं एकदाही म्हणाले नाहीत. ते गेल्यावर मी हिची समजूत काढायला लागलो तर हीच म्हणाली, “अहो, भात खरंच जास्त शिजला होता. बावीस वर्षांत तुम्ही बोलला नाहीत कधी. या माणसाला पुन्हा आणा.”

मैदानावर मात्र या खरेपणाचे हाल होत. आमची टीम म्हणजे एक प्लंबर, एक पोस्टमन, शाळेतले पीटीचे सर, गोदामात काम करणारे तिघे आणि बाकी असेच. गॅफर त्यांना सांगायचे, “चेंडू यायच्या आधी तो कुठे जाणार हे तुला दिसायला हवं.”

“गॅफर, मी सकाळी सहापासून एका बाईच्या सिंकखाली होतो,” प्लंबर म्हणायचा. मधल्या फळीतला आमचा सगळ्यात चांगला खेळाडू. “मला आता माझे बूटसुद्धा दिसत नाहीत.”

“सिंकखाली गळती कुठे आहे ते कसं कळतं तुला?”

“ते... कळतं.”

“तसंच.”

प्लंबर यावर दोन आठवडे विचार करत होता. तिसऱ्या आठवड्यात त्याने पोस्टमनला न बघता असा एक पास दिला की पोस्टमन दचकून खाली बसला.

आणि एक गोष्ट. ते स्वतः चेंडूला पाय लावत नसत. सरावात चेंडू त्यांच्याकडे घरंगळत आला तर वाकून, गुडघा धरून, हाताने उचलायचे आणि हाताने फेकायचे. सगळे टपून बसलेले असायचे. मुद्दाम त्यांच्याकडे चेंडू सोडायचे, फोन तयार ठेवायचे. चौदा महिन्यांत एकदाही नाही. मी एकदा विचारलं.

“का हो गॅफर?”

“त्यांच्याकडे एक आहे ना फोनमध्ये,” ते म्हणाले. “चांगला आहे. दुसरा कशाला?”

आमच्या भागातल्या मराठी मंडळाला सुगावा लागायचाच होता. क्रीडादिनाला प्रमुख पाहुणे म्हणून बोलावणं आलं. अध्यक्षांनी शाल आणि नारळ दिला, चार जणांनी त्या गोलाचं वर्णन केलं, त्यातल्या दोघांनी तो उजव्या पायाने मारल्याचं सांगितलं. मग कौतुकाने त्यांना लिंबू-चमच्याच्या शर्यतीचे पंच नेमलं. वय वर्षं सहा ते आठ. अध्यक्षांची नात पहिली आली. गॅफरनी बोट वर केलं.

“अंगठा,” ते म्हणाले.

त्यांनी स्वतःचा अंगठा दाखवला. “लिंबावर अंगठा होता. दुसरा जो मुलगा आहे, तो पहिला.”

नात रडत आजोबांकडे गेली. “आजोबा, तो अंकल खोटा बोलते! माझी लिंबू पडलाच नाही!”

अध्यक्ष हसत हसत पुढे आले. “सर, ती फक्त सात वर्षांची आहे.”

“होय,” गॅफर म्हणाले. “म्हणूनच आत्ता सांगतोय. माझ्या वयात सांगून उपयोग नाही.”

येताना गाडीत नारळ मांडीवर घेऊन बसले होते. म्हणाले, “तिला वाईट वाटलं. पण ती पुढच्या वर्षी जिंकेल. तू काय मोजत होतास?”

“सेकंद. एकोणीस.”

“आणि अंगठा नाही पाहिलास?”

नव्हता पाहिला.

आता थोरली चूक.

त्या हिवाळ्यात बाहेरगावी एक सामना होता. सुरुवातीपासूनच धुकं होतं. अर्ध्या तासात पलीकडचा गोल दिसेना, मग पंच दिसेनासे झाले. बासष्टाव्या मिनिटाला शिट्टी ऐकू आली आणि सामना रद्द केल्याचं कळलं. पुढे केव्हातरी पहिल्यापासून नव्याने खेळायचा. घरी येऊन मी नोंदवही उघडली आणि त्या सामन्याची अख्खी ओळ पट्टी धरून लाल शाईने खोडली. जो सामना झाला नाही त्याचे आकडे कसले? कुणाचे गोल नाहीत, कुणाची मिनिटं नाहीत. त्या ओळीत अठ्ठावन्नाव्या मिनिटाला प्लंबरला मिळालेलं एक पिवळं कार्डही होतं. तेही खोडलं गेलं.

नियम असा आहे की सामना रद्द झाला तरी कार्ड रद्द होत नाही. पाडलेला माणूस पडलेलाच असतो. हा नियम मला माहीत नव्हता असंही नाही. मी तो वाचला होता. ती ओळ खोडताना मला तो आठवला नाही, कारण ओळ फार सरळ खोडली जात होती.

गॅफरमुळे टीम खेळू लागली होती. तळाशी होतो, ते वर सरकलो. शेवटचे काही सामने राहिले असताना लीगकडून ईमेल आला: तुमच्या अमुक खेळाडूची पाच कार्डं झाली आहेत, येत्या शनिवारी त्याला खेळता येणार नाही. खेळाडू म्हणजे प्लंबर. मी नोंदवही काढली. चार. पुन्हा मोजली. चार. मला काय वाटलं ते प्रामाणिकपणे सांगतो. मला आनंद झाला. माझ्या संगणकात ‘त्यांच्या चुका’ नावाचा एक फोल्डर आहे. त्यात लीगच्या, कौन्सिलच्या आणि पाणी कंपनीच्या मिळून सव्वीस चुका आहेत. ही सत्ताविसावी. तो ईमेल मी त्यात टाकला आणि दुरुस्तीचं पत्र सोमवारी सवडीने लिहायचं ठरवलं.

शनिवारी यादीवर सही घ्यायला गेलो. गॅफरनी प्लंबरच्या नावावर बोट ठेवलं.

“हा चालेल?”

“चार कार्डं आहेत, गॅफर. मी मोजलीत.”

“ठीक. हे तू मोजलंस.” बोट वर झालं. “धुक्यात याने एकाला पाडलं होतं. मी पाहिलं.”

“तो सामना झालाच नाही, गॅफर.”

“पण पाडलं होतं.”

“तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवा.”

त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि सही केली. प्लंबरने त्या दिवशी सत्त्याहत्तराव्या मिनिटाला गोल मारला. एक-शून्य. मोसम संपला तेव्हा खालच्या लीगमध्ये ढकललं जाण्यापासून आम्ही दोन गुणांनी वाचलो होतो. गावात मोटारींचे हॉर्न वाजले. चेअरमननी मैदानावरच्या चहाच्या खिडकीला दंतकथेचं नाव द्यायचं जाहीर केलं आणि तीन दिवसांत पाटीही लावली. कोल्हापुरातून धाकट्या भावाचा फोन आला, “नादखुळा! दादा, तुझं नाव कुठं छापून आलं का नाही?”

पाटीचा रंग वाळला नव्हता तोवर लीगचं पत्र आलं. खाली गेलेल्या एका क्लबने तक्रार केली होती.

चौकशीला तीन सदस्य होते, लांब टेबल, पाण्याचे ग्लास, बिस्किटं. आम्ही दोघं शेजारी शेजारी बसलो. मी नोंदवही बरोबर नेली होती. कशासाठी, आता सांगता येत नाही. मधल्या सदस्याने विचारलं, “बंदी असलेला खेळाडू यादीत कसा आला?”

मी तोंड उघडलं. त्याच क्षणी टेबलाखाली माझ्या बुटावर एक बूट दाबून बसला. डावा. ज्या पायावर जगभरच्या लोकांनी इतकं लिहिलंय, त्या पायाचा आणि माझा संबंध आला तो हा एकदाच.

“यांनी मला सांगितलं होतं,” गॅफर म्हणाले. “पाच कार्डं, खेळवू नका. मी म्हटलं, खेळव. मला तो माणूस हवा होता.”

“तुम्ही यांचं ऐकलं नाही?”

“मी कुणाचं ऐकत नाही. विचारा कुणालाही.”

सदस्यांनी माना डोलावल्या. हे त्यांनी वर्तमानपत्रांत वाचलेलंच होतं. मग ते आपसात कुजबुजत होते तेवढा वेळ बोलायला मला मोकळा होता. चार मिनिटं. मी घड्याळात पाहिली. मी बोललो नाही.

तीन गुण गेले. दोन गुणांनी वाचलो होतो, एका गुणाने खाली गेलो. निकाल वाचून झाल्यावर मधला सदस्य टेबलाला वळसा घालून आला, फोन काढला आणि म्हणाला, “एक फोटो चालेल? माझा मुलगा विश्वासच ठेवणार नाही.” गॅफर उभे राहिले. फोटोत ते हसले आहेत.

गाडीत मी बराच वेळ चावी लावली नाही.

“का?” मी विचारलं.

“मला सात ठिकाणांहून काढलंय,” ते म्हणाले. “आठवं मला जड नाही.”

“पण चूक माझी होती.”

“होय. मोठी होती.” मग त्यांनी विचारलं, “तुला काढलं असतं तर शनिवारी कुठे गेला असतास?”

पावसाचे वायपर चालू करून मी गाडी काढली.

चेअरमननी त्यांना काढल्याचा निरोप मेसेजने दिला. तो चुकून दुकानाच्या खात्यावरून गेला असावा, कारण खाली आपोआप छापलं होतं: ‘गाढ झोपा, हसत उठा.’ चहाच्या खिडकीवरची पाटी उलटी करून तिच्या पाठीवर ‘सूप आणि रोल’ लिहिलं. भावाचा पुन्हा फोन आला. “काय खुळा माणूस रे! तू सांगितलेलं ऐकलं नाही? दादा, तू तर लहानपणापासून कधी चुकला नाहीस.” ही शेजारीच बसली होती. तिला मी त्याच संध्याकाळी सगळं सांगितलं होतं. तिने नुसता माझ्या हातातला फोन घेतला आणि भावाला म्हणाली, “भाऊजी, नंतर करा.”

मग मी जे करायला हवं होतं ते करायला लागलो, उशिरा आणि माझ्या पद्धतीने. लीगला चार पानी पत्र लिहिलं, नोंदवहीच्या त्या पानाची प्रत जोडली. उत्तर आलं: आपलं म्हणणं चौकशीतल्या मूळ निवेदनाशी विसंगत असल्यामुळे विचारात घेता येत नाही. प्रकरण बंद.

राहिला क्लबचा वार्षिक मेळावा. हॉलमध्ये चौऱ्याऐंशी माणसं. खेळाडूंची बक्षिसं झाली आणि चेअरमननी माझं नाव पुकारलं. काचेची एक पाटी: ‘अचूक सेवेबद्दल’. मी माइक हातात घेतला.

“ती चूक माझी होती,” मी म्हणालो. “लीगचा ईमेल आला होता. मी तो चूक समजून बाजूला ठेवला. गॅफरनी मला विचारलं होतं. धुक्यातलं कार्ड त्यांच्या लक्षात होतं. मी म्हटलं, चार आहेत. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. ते चौकशीत खोटं बोलले, माझ्यासाठी.”

मग चेअरमननी माझ्या खांद्यावर हात टाकला.

“ऐकलंत?” ते सगळ्यांना म्हणाले. “तो माणूस क्लब बुडवून चालला, आणि हा त्याला अजून पाठीशी घालतोय. नंबर्स, तू फार सज्जन आहेस लेका!”

टाळ्या झाल्या. जोरात. मागच्या बाकावरची माणसं उभी राहिली. मी “नाही, नाही” म्हणत होतो आणि टाळ्या वाढत होत्या. तुम्हीच सांगा, अशा वेळी माणसाने काय करावं? एक माणूस गर्विष्ठ आणि दुसरा कधीच न चुकणारा, हे गावाने ठरवून टाकलं होतं. माझ्याकडे पुरावा होता, तारीख होती, लाल शाईत खोडलेली ओळ होती. कुणाला नको होती.

फक्त प्लंबर टाळ्या वाजवत नव्हता. बाहेर पडताना तो माझ्याजवळ आला.

“मला ते कार्ड आठवत होतं, नंबर्स,” तो म्हणाला. “पण वाटलं, तू बघितलंच असशील.”

दुसऱ्या दिवशी सकाळी गॅफर आपलं सामान न्यायला आले. मे महिना, लख्ख ऊन, आकाशात एक ढग नाही. एक खोकं, दोन कोट आणि मंडळाने दिलेला नारळ. क्रीडादिनापासून तो त्यांच्या खिडकीत होता. हलवला की आतून वाजायचा.

“मी काल सांगितलं सगळ्यांना,” मी म्हणालो.

“मग?”

“चौऱ्याऐंशी माणसं होती. कुणी विश्वास ठेवला नाही. टाळ्या वाजवल्या.”

ते पहिल्यांदाच मोकळे हसले. “आता तुला कळलं,” ते म्हणाले, “कोच असणं म्हणजे काय ते.”

त्यांच्या किल्ल्या परत घेतल्याची पावती करायची होती. मी आत ऑफिसात गेलो. ऑफिसची खिडकी मैदानावर उघडते. पावतीवर तारीख लिहिताना सहज वर पाहिलं.

मैदान रिकामं होतं. त्यांनी खोकं बाजूला ठेवलं होतं. गवतात कुणीतरी विसरलेला एक चेंडू होता, त्याला हाताने उचलून ते मधल्या रेषेपर्यंत चालत गेले. खाली ठेवला. मागे सरकले, चार पावलं. आजूबाजूला पाहिलं, कोणी नाही ना म्हणून. माझ्या खिडकीकडेही पाहिलं. काचेवर ऊन होतं, मी दिसलो नसणार. मग कोट काढून घडी करून गवतावर ठेवला, आणि धावले. गुडघा धरून धावणाऱ्या माणसासारखे, पण शेवटची दोन पावलं तशी नव्हती. ती शेवटची दोन पावलं मी पेठेतल्या टीव्हीवर अकरा जणांच्या खांद्यांवरून वाकून पाहिली होती.

डावा पाय.

चेंडू वर गेला. मी तो खाली येईपर्यंत पाहिला.

थोड्या वेळाने ते पावती घ्यायला आत आले. श्वास लागला होता, बुटांना गवत चिकटलं होतं. त्यांनी पावती वाचली, नीट, शेवटच्या ओळीपर्यंत, आणि घडी करून खिशात घातली. मग माझ्या मागच्या खिडकीकडे पाहिलं. बाहेरचं सगळं मैदान तिच्यात स्वच्छ दिसत होतं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. त्यांनी बोट वर केलं.

“काय पाहिलंस?”

“धुकं होतं, गॅफर,” मी म्हणालो.

बोट तसंच थोडा वेळ हवेत राहिलं. मग त्यांनी खोकं उचललं, त्यावर नारळ ठेवला आणि गेले.

तो चेंडू कुठे गेला ते मला माहीत आहे. किती अंतरावर पडला, तेही. नंतर जाऊन मी पावलांनी मोजलं. नोंदवहीत त्या दिवसाची तारीख लिहिली आहे. पुढची जागा कोरी आहे.